तळघरात पाणी येतंय? आधी ते कुठलं आहे ते शोधा



गच्चीच्या गळतीवर आपण बोललो, त्यानंतर सगळ्यात जास्त विचारणा झाली ती तळघराची. विचारणारी मंडळी बहुतेक महाराष्ट्राबाहेरची. गुरुग्राम, दिल्ली, इंदूर, बेंगळुरू, हैदराबाद. ते साहजिक आहे. पुण्या-मुंबईत आपण फ्लॅटमध्ये राहतो, तळघर असलंच तर सोसायटीच्या गाड्यांचं. इकडे उत्तरेत मात्र प्लॉट घेऊन घर बांधणारा माणूस खाली बेसमेंट काढतोच. जागा महाग आहे, तेवढंच एक मजल्याचं क्षेत्र मिळतं. मग तिथे कोणी ऑफिस थाटतो, कोणी भाडेकरू ठेवतो, कोणी व्यायामाची यंत्रं मांडतो, आणि काही दिवसांनी त्यावर कपडे वाळत घालतो. जुलै उजाडला की फोन सुरू होतात. "कर्नलसाहेब, खाली पाणी आलंय. कोणतं केमिकल मारून घेऊ?"

केमिकल ही शेवटची पायरी आहे, आणि आपण तिथून सुरुवात करतो. सैन्यात मी इंजिनिअर्समध्ये होतो. खंदकात पाणी साचलं तर आम्ही खंदकाच्या भिंतीला रंग लावत बसत नसू. बाहेर पडून, ते पाणी कुठल्या अंगाने येतंय ते बघायचं आणि वरच्या बाजूला चर खणून ते वळवायचं. घराचंही तेच आहे. पाणी चार ठिकाणांहून येऊ शकतं आणि चारही पाण्यांचा इलाज वेगळा आहे. एकाचा इलाज दुसऱ्याला केलात तर पैसे गेले आणि पाणी राहिलं.

पण पाणी ओळखण्याआधी जिवाचं बोलू. बाकी सगळा पैशाचा प्रश्न आहे, हा तसा नाही.

२७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत ओल्ड राजेंद्रनगरमध्ये रस्त्यावरचं पाणी एका तळघरात घुसलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तीन मुलं बुडून गेली. त्या तळघरात वाचनालय चालत होतं. परवानगी होती ती सामान ठेवण्याची आणि गाड्यांची. लोक मला विचारतात, "अहो, पोहता येणाऱ्याला जिन्याने वर यायला काय अडचण?" अडचण समजून घ्या. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं. तीन फूट रुंदीचं दार घ्या. त्याच्या एका बाजूला मीटरभर, म्हणजे कमरेच्या वर पाणी आहे आणि दुसरी बाजू कोरडी आहे. त्या दारावर साधारण साडेचारशे किलोचा रेटा असतो. पाणी दोनच फूट असलं तरी दीडशे किलोच्या वर. दार पाण्याच्या दिशेने उघडायचं असेल तर दोन धट्टेकट्टे जवान लावले तरी उघडणार नाही. ते आतल्या बाजूने उघडत असेल तर कडी काढताक्षणी सगळं पाणी अंगावर येतं. जिना हाच उताराचा मार्ग असेल तर त्यावरून पाणी धबधब्यासारखं उतरतं आणि पाय ठरत नाही. त्यात दिवे गेलेले.

म्हणून माझ्या घरी नियम साधा आहे. रस्त्यावर घोट्याएवढं पाणी दिसलं की खाली कोणी थांबायचं नाही. मोबाइल आणायला नाही, गाडी काढायला तर अजिबात नाही. तळघरात भाडेकरू ठेवला असेल, विशेषतः रात्री झोपणारा चौकीदार किंवा कामवाली आणि तिची लेकरं, तर आजच त्यांची वरच्या मजल्यावर सोय करा. राष्ट्रीय इमारत संहितेने तळघरात पृष्ठभागावरचं पाणी शिरणार नाही अशी व्यवस्था मागितली आहे, तिथला जिना कसा असावा तेही सांगितलं आहे. आपल्याकडे बिल्डर नकाशात 'स्टोअर' लिहितो आणि प्रत्यक्षात बाथरूमसकट खोली काढून देतो. नकाशा पास होतो. पाण्याला नकाशा वाचता येत नाही.

विजेचं आणखी एक. मीटर, मुख्य स्विच, इन्व्हर्टर, लिफ्टचं पॅनल यातलं काहीही तळघरात असेल तर ते वर आणणं हा पहिला खर्च. वॉटरप्रूफिंग नंतर. पाणी आलं असताना वरून वीज बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय खाली पाऊल टाकायचं नाही. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याचं टेस्टचं बटण शेवटचं कधी दाबलं होतं ते आठवून बघा. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. आणि जनरेटर किंवा पेट्रोलवर चालणारा पंप तळघरात उतरवू नका. पाणी उपसायला माणसं उतरतात, पंप शेजारी ठेवतात आणि कार्बन मोनॉक्साइडने बेशुद्ध पडतात. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. इंजिन वर मोकळ्यावर, फक्त पाइप खाली.

आता पाण्याची ओळख.

एक वही घ्या. पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला, तळघरात ओल कधी दिसली, कुठल्या भिंतीला, जमिनीपासून किती उंच. एवढं एका मोसमात लिहिलंत तरी अर्धं निदान झालं. पाऊस सुरू झाल्यापासून तासाभरात पाणी आलं आणि पाऊस थांबल्यावर लवकर आटलं, तर ते वरचं पाणी: गच्चीचं, अंगणाचं, रस्त्याचं. पाऊस होऊन एक-दोन दिवसांनी आलं, फरशीच्या सांध्यांतून किंवा भिंत-फरशीच्या कोपऱ्यातून आलं आणि आठवडे हटलं नाही, तर जमिनीतलं. पावसाशी काही संबंधच नाही, एप्रिलमध्येही तसंच, तर आपल्याच घरातली पाइप किंवा जमिनीखालची टाकी. काळपट, वास येणारं, जाळीतून उलटं वर येणारं असेल तर सांगायलाच नको.

पाचवं एक सोंग आहे, ज्याला लोक गळती समजतात. पावसाळ्यात बाहेरची हवा दमट आणि गरम, तळघराची भिंत थंड. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसा भिंतीला येतो. मग मंडळी "हवा खेळू दे" म्हणून सगळ्या खिडक्या उघडतात आणि आणखी दमट हवा आत घेतात. याची परीक्षा सोपी आहे. भिंतीचा एक भाग पुसून कोरडा करा, त्यावर हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस थांबा. कागदाच्या खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर तो हवेतला घाम. कागदाच्या मागे, भिंतीकडे ओल आली तर पाणी भिंतीतून येतंय. चिकटपट्टीच्या या परीक्षेने कित्येकांचा मोठा खर्च वाचलेला मी पाहिला आहे. घाम असेल तर दमट दिवसांत खिडक्या बंद ठेवून हवेतली ओल खेचणारं यंत्र लावा, एवढंच.

घरातल्या पाइपचा संशय असेल तर रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा, सकाळी बघा. जमिनीखालच्या टाकीत खडूने पातळीची खूण करा, टाकीत येणारा आणि टाकीतून जाणारा दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवा. सकाळी खूण उघडी पडली असेल तर चोर घरातच आहे. उत्तरेतल्या घरांत ही टाकी बहुतेक वेळा पुढच्या अंगणात, तळघराच्या भिंतीला चिकटून असते, आणि गळली की पाणी सरळ भिंतीत जातं.

आता वरच्या पाण्याकडे येऊ. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ओल्या तळघरांचं दुखणं हेच निघालं, आणि सगळ्यात स्वस्त इलाजही याचाच आहे.

हिशेब ध्यानात ठेवा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दीडशे चौरस मीटरची गच्ची, तासात पन्नास मिलिमीटरची सर. साडेसात हजार लिटर झाले. म्हणजे टँकरच. २८ जून २०२४ ला दिल्लीत सफदरजंगला चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच गच्चीवर त्या दिवशी चौतीस हजार लिटर पडले. ते सगळं दोन पाइपांतून खाली येतं. पाइपचं तोंड कुठे उघडतं? बहुतेक घरांत, भिंतीच्या अगदी बुडाशी.

आमच्या गल्लीत एक घर आहे. मालकांनी तीन वर्षांत तीनदा आतून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. दर वेळी ठेकेदार नवा आणि वाक्य तेच: "सर, इस बार दस साल की गारंटी है." चौथ्या वर्षी त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, पाऊस पडताना बोलवा. छत्री घेऊन आम्ही दोघं बाजूच्या चार फुटी बोळात उभे राहिलो. गच्चीचा पाइप बोळात सुटत होता. बोळातल्या टाइल्सचा उतार घराकडे होता, बोटभरच, पण घराकडे. भिंतीलगत वहिनींची मोगऱ्याची लांबलचक वाफ होती, तिला छान विटांचा काठ. म्हणजे गच्चीचं निम्मं पाणी त्या वाफ्यात येऊन थांबत होतं आणि तिथून निवांतपणे तळघराच्या भिंतीला लागत होतं. पाइप पुढे नेऊन रस्त्याकडच्या पावसाळी गटारात सोडला, टाइल्स उखडून उतार उलटा केला, मोगरा कुंड्यांत गेला. तिन्ही वॉटरप्रूफिंगच्या एका हप्त्यापेक्षा कमी खर्च आला. भिंत सुकायला पुढची थंडी लागली, पण सुकली.

उतार किती हवा? मोकळी माती असेल तर घरापासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच. आपल्याकडे दहा फूट जागा कुणाला असते! मग पक्की फरसबंदी करा आणि दर फुटाला पाव इंच उतार द्या. फरशी आणि भिंत यांच्यामधला सांधा लवचीक सीलंटने भरा, नुसत्या सिमेंटने नाही; ते वर्षभरात तडकतं. पाण्याची पातळी बघायची पारदर्शक नळी गवंड्याकडे असते. ती लावून स्वतः मोजा. डोळ्याला उतार दिसत नाही आणि गवंडी नेहमी "ठीक है साहब" म्हणतो.

हा उतार बिघडतो कसा तेही सांगतो. तळघर बांधताना खड्डा भिंतीपेक्षा चार-पाच फूट रुंद खणतात. भिंत उभी राहिली की मधली जागा भरायची असते. ती मुरूम टाकून, थराथराने पाणी मारून ठोकायला हवी. प्रत्यक्षात विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, माती, जे हाताशी असेल ते लोटतात. म्हणजे घराभोवती एक पोकळ बादली तयार होते. ती दोन-चार पावसाळ्यांत खचते, वरची फरशी घराकडे झुकते आणि मूळ जमीन घट्ट असल्यामुळे बादलीतलं पाणी दुसरीकडे जातही नाही. माळव्यातल्या काळ्या मातीत आणखी एक प्रकार असतो. उन्हाळ्यात ती आकसते, भिंतीलगत भेग पडते, आणि पहिल्या जोराच्या पावसाचं पाणी त्या भेगेतून थेट पायापर्यंत उतरतं. इंदूर, उज्जैनच्या मंडळींनी मे महिन्यात भिंतीला लागून एक फेरी मारावी. भेग दिसली तर वरची माती हातभर काढून मुरूम ठोकून भरावा आणि वर फरसबंदी करावी.

रस्त्याचं पाणी हा वेगळाच अन्याय आहे. घर बांधलं तेव्हा रस्ता जोत्याच्या दोन फूट खाली होता. दर डांबरीकरणाला जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा चढवतात. वीस वर्षांत रस्ता वर आला आणि घर होतं तिथेच राहिलं. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून, काम सुरू होण्याआधी, "आधी खरवडा मग चढवा" असं लेखी मागितलं तर फरक पडतो. एकट्याने रोलरसमोर वाद घालून पडत नाही.

तळघरात गाडीचा रॅम्प असेल तर त्याच्या तोंडाशी उंचवटा हवाच. रस्त्यावरून आधी सहा इंच ते फूटभर वर चढायचं, मग खाली उतरायचं. गाडीचा तळ घासणार नाही इतका लांबट करा. त्या उंचवट्याच्या अलीकडे लोखंडी जाळीचा आडवा चर आणि रॅम्पच्या पायथ्याशी दुसरा. आडव्या चरात मे महिन्यात हात घालून बघा; माझा अंदाज आहे की गुटख्याच्या पुड्या आणि पिंपळाची पानं निघतील. त्याशिवाय दाराच्या चौकटीत सरकवून बसवायच्या फळ्या मिळतात. त्या नसतील तर वाळूच्या गोण्या. पण गोणी तोंडापर्यंत भरू नका, ती दगडासारखी होते आणि मधून पाणी जातं. अर्ध्याहून थोडी जास्त भरा, तोंड खाली दुमडा, विटांसारखे सांधे चुकवून रचा आणि प्रत्येक थर पायाने तुडवून चपटा करा. आतल्या बाजूला प्लास्टिकऐवजी बाहेरच्या, पाण्याकडच्या बाजूला ताडपत्री घाला. हे काम प्रत्येक रंगरूट पहिल्या वर्षी शिकतो.

आपली वसाहत मुळात कशावर बसली आहे तेही बघून ठेवा. गुरुग्रामचं पाणी अरवलीच्या टेकड्यांकडून नजफगढ नाल्याकडे उतरतं. मध्ये आपण सेक्टर उभे केले. बेंगळुरूत तलाव एकमेकांना राजकालुव्यांनी जोडलेले होते, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या महागड्या बंगल्यांतून लोकांना ट्रॅक्टरवर बसून बाहेर पडावं लागलं. अशा जागी घर असेल तर अंगणाचा उतार नीट करून काम भागणार नाही. तिथे तळघरात काय ठेवायचं हाच विचार बदलायला हवा.

जमिनीतलं पाणी हा दुसरा शत्रू, आणि हा चिवट. जोधपूर घ्या. वाळवंटाच्या काठावरचं शहर, तिथे तळघरात पाणी म्हटलं तर कोणी हसेल. पण कालव्याचं पाणी लिफ्ट करून शहराला मिळू लागलं, तशी जुन्या विहिरी-बावड्या उपसायची गरज राहिली नाही. वापरलेलं पाणी जमिनीत मुरत राहिलं, खाली खडक, आणि भूजलाची पातळी चढत गेली. जुन्या शहरात अनेक तळघरांमध्ये पाणी भरलं. दुकानदार पंप लावून उपसतात, पुन्हा भरतं. तिथे पाऊस दोषी नाही आणि ठेकेदारही नाही.

जमिनीतलं पाणी भिंतीला बाहेरून आणि फरशीला खालून दाबतं. फरशीच्या वर दीड मीटरपर्यंत भूजल चढलं असेल तर प्रत्येक चौरस मीटरला दीड टन रेटा वर येतो. सहा इंची काँक्रीटच्या फरशीचं वजन चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास. म्हणजे पाण्याला वाट न देता तुम्ही फरशी पूर्ण बंद करून टाकलीत, तर ती उचलली जाईल किंवा फुटेल. आतून मारलेला रंग फुगून निघतो त्याचं कारण हेच. रंग वाईट नसतो. त्याला मागून ढकलणारं पाणी असतं.

इलाज दोन. घर नवं बांधत असाल तर तळाखालून आणि भिंतीला बाहेरून पेटीसारखं वॉटरप्रूफिंग करा, आपल्याकडे शहाबादी फरशी लावून करतात तसं किंवा मेम्ब्रेन लावून. तळ आणि भिंत यांच्या सांध्यात वॉटरस्टॉपची पट्टी बसवून घ्या, काँक्रीट ओतताना समोर उभे राहा. तो सांधा पुन्हा कधी हाती लागत नाही. फरशीची जाडी आणि सळई रेट्याचा हिशेब करून स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायची, ठेकेदाराने नाही.

जुनं घर असेल तर पाण्याला अडवायच्या भानगडीत पडू नका, त्याला वाट द्या. बाहेरून भिंतीच्या पायाशी चर खणून खडी, खडीत भोकांचा पाइप, भोवती माती अडवणारं जिओटेक्स्टाइलचं कापड, शंभराला एक उतार. बाहेर खणायला जागा नसेल, आणि शेजाऱ्याची भिंत लागून असेल तर नसतेच, तर हाच चर आतून, फरशीच्या कडेने काढायचा. दोन्ही चर एका खड्ड्यात आणायचे आणि तिथे पंप. भिंतीजवळ खोल खणताना एका वेळी छोटाच भाग उघडा. सगळी बाजू एकदम मोकळी केली तर पाया सरकतो.

पंपाबद्दल थोडक्यात. फ्लोट स्विच हवा, पाइपवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह हवा आणि सोडलेलं पाणी पुन्हा आपल्याच भिंतीशी मुरता कामा नये. पाटीवरचा सर्वात मोठा आकडा बघू नका; आपल्याला जेवढं उंच चढवायचं आहे त्या उंचीला तो मिनिटाला किती लिटर देतो ते विचारा. मुसळधार पावसात वीज जातेच. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, आणि सुरू होताना मोटर त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढते. पंखे-दिव्यांसाठी घेतलेला घरगुती इन्व्हर्टर तिथे मान टाकतो. इलेक्ट्रिशियनकडून पंपासकट भार तपासून घ्या, आणि दुसरा पंप सुटा ठेवा.

पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा अनेक शहरांत सक्तीचा आहे, आणि असायलाही हवा. पण तो तळघराच्या भिंतीला लागून काढणं म्हणजे आपल्या हाताने भिंतीला पाणी पाजणं. प्लॉटच्या दूरच्या कोपऱ्यात काढा. भूजल आधीच फरशीशी आलेलं असेल तर खड्ड्याऐवजी साठवणीची टाकी करा.

जमिनीखालची पिण्याची टाकी भर पावसाळ्यात पूर्ण रिकामी करू नका. भोवती पाणी असताना रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते, पाइप तुटतात. ती एप्रिलमध्ये धुवायची.

आता मैलापाणी. तळघरात संडास किंवा मोरी असेल आणि ती रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणापेक्षा खाली असेल, तर गटार तुंबल्यावर गल्लीचं पाणी आधी तुमच्याकडे येणार. पाणी सगळ्यात खालचं भोक शोधतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, पण त्यात चिंधी अडकली की तो उघडाच राहतो, म्हणून त्याला उघडून साफ करता येईल असं चेंबर करा. त्याहून पक्का उपाय म्हणजे खालचं सांडपाणी आधी बंद टाकीत घेऊन पंपाने रस्त्याच्या पातळीच्या वर चढवायचं आणि मग गटारात सोडायचं. माझं स्पष्ट मत विचाराल तर तळघरातला संडास काढूनच टाका. आणि गच्चीचं पाणी मैल्याच्या गटारात जोडलं असेल तर ते तोडा. गल्लीतल्या वीस घरांनी जोडलं की पहिल्याच सरीला ते गटार उलटतं, आणि मग शिव्या महापालिकेला.

आतून करायचे उपाय अगदीच कुचकामी आहेत असं नाही. बाहेरचं पाणी वळवल्यावरही एखाद्या भेगेतून पाझर राहिला तर तिथे पॉलियुरेथेन इंजेक्शन करतात, ते काँक्रीटच्या भिंतीत चांगलं काम देतं. काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करणारे सिमेंटी लेपही असतात. जुन्या विटांच्या भिंतीत मात्र पाणी एका जागी अडलं की दोन हात सरकून दुसरीकडे निघतं. ठेकेदाराला एकच प्रश्न विचारा: "पाणी कुठून येतंय?" त्याने न बघता केमिकलचं नाव सांगितलं तर चहा पाजून वाटेला लावा.

शेवटी, तळघर भरलंच तर. वीज वरून तोडलेली आहे, कोणी खाली नाही, पाऊस थांबला आहे. आता घाईघाईने मोठा पंप आणून दोन तासांत सगळं उपसायचं, असं वाटतं. थांबा. बाहेरची माती भिजून जड झालेली आहे आणि भिंतीला बाहेरून ढकलते आहे. आतलं पाणीच तिला टेकू देतंय. टेकू एकदम काढला तर विटांची भिंत आत येते. पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत भरलं असेल तर पहिल्या दिवशी एक तृतीयांश काढा आणि भिंतीवर खूण करा. रात्रीत पाणी पुन्हा खुणेवर चढलं तर बाहेर अजून दाब आहे; आणखी एक दिवस जाऊ द्या. चढलं नाही तर पुढचा तृतीयांश. घोटाभर पाणी असेल तर हा नियम नको, सरळ उपसा.

मैल्याचं पाणी आलं असेल तर गाद्या, प्लायवूड, कापूस भरलेलं काहीही ठेवू नका, कितीही जीव अडकला तरी. गमबूट, हातमोजे घाला, फरशी साबणाने धुऊन मग ब्लीचिंग पावडर मारा. ब्लीच आणि ॲसिड एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. भिजलेली गाडी किल्ली फिरवून सुरू करून बघू नका, ओढून न्या. भिंतीवर पांढरा लोणा फुलेल, तो कोरड्या ब्रशने झाडा. पाणी मारलं तर पुन्हा आत जातो. भिंत पूर्ण सुकेपर्यंत रंग लावायचा नाही. दिवाळी तोंडावर असली तरी नाही.

जमिनीखालच्या टाकीबद्दल आज ओझरतं बोललो. ती कशी तपासायची, आतून काय लावायचं आणि काय लावू नये, ते पुढच्या भागात.